साहेबांची चाल

मंगळवार, ६

आयुष्यभर लोकांच्या डायऱ्या छापल्या, स्वतः एकही लिहिली नाही. छापणाऱ्यानं लिहायला घेतलं की धंदा बसतो असं माझं मत आहे. पण फिजिओबाई म्हणाल्या, नातीच्या चालण्याची घरातल्या कुणीतरी रोज नोंद ठेवा. सुनेला नोकरी. चिरंजीव प्रेसमध्ये कॉम्प्युटरसमोर कानात बोंडं घालून बसतो, त्याला आपण काय बोललो तेच कळत नाही, तो नोंद काय ठेवणार. आमच्या हिला विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच ठेवा, तुम्हाला बोलायला कुणीतरी हवंच असतं." म्हणून ही डायरी. गिऱ्हाइकानं परत केलेली आहे. दोन पानं उलटी शिवली गेलीत. बाइंडर म्हणतो, मी नाही शिवली. मग आपणहून उलटी झाली असतील.

नात नऊ वर्षांची. घरात तिला साहेब म्हणतात, कारण खुर्चीत बसून ती सगळ्यांना कामं सांगते आणि आम्ही करतो. जन्मताना मेंदूला थोडा वेळ हवा मिळाली नाही. त्यामुळे पायांना निरोप उशिरा पोचतो आणि पोचतो तो आरडाओरडा करत, असं डॉक्टरांनी तेव्हा समजावलं होतं. पाय ताठ, गुडघे एकमेकांना बिलगायला बघतात, टाच जमिनीला टेकायला तयार नसते. वॉकर धरून घरात थोडं चालते. डोकं मात्र माझ्यापेक्षा बरं.

आज शाळेत बोलावलं होतं. आतापर्यंत एकच वर्ग, एकच खोली. मदतनीस मावशी व्हीलचेअर ढकलत नेऊन ठेवायच्या आणि सुटल्यावर आणायच्या. पुढच्या वर्षापासून प्रत्येक तासाला खोली बदलते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ती आपली आपण गेली, तर याच वर्गात राहील. नाहीतर फाटकाजवळची वेगळी तुकडी आहेच." ती तुकडी आम्ही पाहिली. पाच मुलं, पाच वयांची, एक शिक्षिका, आणि खिडकीतून दिसतं ते गाड्यांचं पार्किंग. शाळा उघडल्यावर पहिला आठवडा बघायचा आणि ठरवायचं, असं ठरलं.

परत येताना साहेब गाडीतून बाहेर बघत होत्या. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "तिथे बडबडी नसेल."

बडबडी म्हणजे तिच्या बाकावरची मैत्रीण. चार वर्षं एका बाकावर आहेत. त्या मुलीचं तोंड बंद झालेलं मी पाहिलेलं नाही.

शनिवार, १०

आज फिजिओबाईंनी एक नवीन गंमत दाखवली. आधी साहेबांना नुसतंच चालायला लावलं, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांच्या मनाच्या वेगानं. बाई हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या. मग स्टुलावर मोबाइल ठेवला आणि त्यातून ठोका चालू केला. टक, टक, टक. बरोबर त्याच वेगाचा. म्हणाल्या, "आता याच्याबरोबर."

मी डोळे मिटून घेतले. प्रेसमध्ये मी असंच करतो. दोन कागद एकदम आत गेले, बोल्ट सैल झाला, तेल संपत आलं, सगळं मला चहा पिता पिता ऐकू येतं. साहेबांची चाल आतापर्यंत अशी होती: थप, मग थांबणं, मग थप-घस, मग पुन्हा थांबणं. एक पट्टा ढिला असलेल्या मशीनसारखी. ठोका सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या पावलाला घस गेलं. थांबणं सारखं झालं. डोळे उघडून पाहिलं तर डावी टाच जमिनीला लागत होती.

बाई म्हणाल्या, "काका, पुढचा ठोका कधी येणार ते कानाला आधीच कळतं. मग पायाला तयारी करायला वेळ मिळतो. इतकंच आहे." आणि मग दोनदा बजावून सांगितलं, घरी हाच वेग ठेवायचा. वाढवायचा तो त्या वाढवतील, तोही किंचित. नंतर हळूहळू ठोका काढून घ्यायचा.

चालतं ते काढून कशाला घ्यायचं, हे मला कळलं नाही. पण पहिल्याच दिवशी वाद नको.

बुधवार, १४

मोबाइलचा ठोका साहेबांना आवडत नाही. "हा दाताच्या डॉक्टरकडचा आवाज आहे," म्हणाल्या. त्यात तथ्य आहे.

आज प्रेस बंद करायच्या वेळेला त्यांना तिकडे घेऊन गेलो. मागच्या बाजूला माझी जुनी ट्रेडल मशीन आहे, मुळात पायानं चालवायची. छपाई आता नव्या मशीनवर होते, ही फक्त नंबर टाकायला आणि कागदाला घडीची रेघ पाडायला. याच मशीनखाली मी लहानपणी कातरण झाडत होतो. मालक म्हातारे झाले तेव्हा मशीन मी घेतली आणि मग हळूहळू मालकांची जागाही. तिला मोटर बसवली आहे, रेग्युलेटर लावला आहे. बाईंच्या मोबाइलशेजारी कान लावून मशीनचा वेग अगदी तोच जमवला आणि रेग्युलेटरवर खडूनं खूण केली.

खटक-धप्. खटक-धप्.

कागदाच्या थप्प्यांमधून एक गल्ली जाते. साहेब वॉकर घेऊन त्या गल्लीत उभ्या राहिल्या, थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि निघाल्या. मोबाइलवर चालायच्या त्याच्यापेक्षा चांगल्या. टोकाला जाऊन वळून म्हणाल्या, "आजोबा, हा आवाज पायातून येतो."

खरं आहे. फरशी हलते. बाईंच्या दवाखान्यात फरशी हलत नाही.

चिरंजीवानं कानातली बोंडं काढून ठेवली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सोमवार, १९

रोज जातो. साहेबांची प्रगती उत्तम. ही म्हणाली, "रोज रोज नेता, तिला विचारता का, यायचंय का म्हणून?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, आवडीनं येते. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा तिला काहीतरी म्हणायचं असतं, पण ते काय ते मला कधी कळलेलं नाही.

शुक्रवार, २३

आज जरा विचार केला. शाळेचा व्हरांडा मी पाहून आलो आहे. चांगला लांब आहे. दोन तासांच्या मध्ये मुलं ज्या वेगानं पळतात तो वेग आणि आमचा वेग यात फार अंतर आहे. बाई किंचित म्हणतात. किंचित किंचित करत गेलो तर आम्ही मुलीच्या लग्नापर्यंत पोचू, व्हरांड्याच्या टोकाला नाही.

प्रत्येक मशीनला तिचा एक वेग ठरलेला असतो. नवा माणूस घाबरून कमी वेगात चालवतो, मग कागद चिकटतात, शाई नीट बसत नाही. योग्य वेगात नेली की मशीन आपोआप सुधारते. हा माझा अनुभव आहे.

रेग्युलेटर केसभर पुढे सरकवला. साहेबांना कळलं नाही. बाईंना सांगायचं कारण नाही, त्यांना शंभर कामं असतात.

सोमवार, २६

आणखी केसभर.

गुरुवार, २९

साहेब मधेच गल्लीत थांबल्या.

"आजोबा, मशीन आज घाईत आहे."

"मशीनला घाई नसते, साहेब."

"मग कुणाला आहे?"

मी मशीनला तेल घातलं.

मंगळवार, ४

नवा महिना. दवाखान्यात बाई साहेबांच्या पायांकडे बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "पावलं भरभर पडतायत, पण लहान झालीत. टाच परत वर जायला लागली. काका, घरी वेग तोच आहे ना?"

मी म्हटलं, मोबाइलचा ठोका तोच आहे. हे खोटं नव्हतं. मोबाइलला कुणी हात लावलेला नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाईंना काहीच सांगितलं नाही. माणसाला सांभाळून घेणं तिला येतं. हा गुण आमच्याकडचा.

शनिवार, ८

साहेब पडल्या.

मशीन चालू होती. वॉकरचं चाक पुढे गेलं, पाय मागे राहिले. हनुवटी थप्पीच्या कोपऱ्यावर आपटली. मी त्या वेळी रेग्युलेटरकडे बघत होतो.

चिरंजीवानं तिला उचललं. तो इतका जोरात ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. टाके पडले. साहेब टाके घालताना रडल्या नाहीत, गाडीत बसल्यावर रडल्या.

साहेबांना दवाखान्यात नेण्याआधीच सून प्रेसमध्ये पोचली होती. मशीन तोपर्यंत चालूच होती, कुणाला बंद करायचं सुचलं नव्हतं. तिनं बटण शोधून बंद केली. मग तिनं रेग्युलेटरवरची खडूची खूण पाहिली, काटा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. मग ती गाडीकडे निघाली. मला वाटलं, काही बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १०

बाईंकडे सगळं सांगावं लागलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त वेळ बसावं लागलं.

म्हणाल्या, "मी तिच्या चालीवरून ठोका लावते, काका. तुम्ही ठोक्यावरून तिची चाल लावलीत."

मी म्हटलं, "केसाकेसानंच वाढवला. तिला कळणार नाही असं वाटलं."

"तिला कळणार नाही? कान कुणाचे आहेत तिचे?"



घरी आल्यावर सून म्हणाली, "बाबा, शाळा उघडेपर्यंत तिचं चालणं मी बघते. तुम्ही त्यात नका पडू." आवाज अगदी साधा. मीठ द्या म्हणावं तसा. मी म्हटलं, बरं.

साहेब हनुवटीला पट्टी लावून खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आजोबा, माझी वही द्या ना वरची." दिली. तेवढंच काम आज मला सांगण्यात आलं.

बुधवार, १९

नोंद ठेवण्यासारखं माझ्याकडे काही राहिलं नाही. पण डायरीची पानं उरली आहेत आणि मला कागद वाया घालवता येत नाही, म्हणून इतर लिहितो.

दुपारी प्रेसमधून घरी येऊन हॉलमध्ये सोफ्यावर पडतो. पूर्वी पडत नव्हतो. पण संध्याकाळी तिकडे थांबायचं आता काही कारण नसतं. तर दुपारी डोळा लागतो न लागतो तोच वरच्या मजल्यावर फर्निचर हलवायला सुरुवात होते. चाकं लावलेलं काहीतरी आहे. घर्र, थप थप. घर्र, थप थप. शिवाय त्यांचा नळ गळतो. टक, टक, टक. भिंतीतून पाइप आहे, त्यामुळे आमच्या मागच्या खोलीतून आवाज आल्यासारखा वाटतो, पण येतो वरून. माझे कान आहेत.

हिला म्हटलं. ही म्हणाली, "असेल."

सोमवार, २४

वरच्यांचं फर्निचर रोज ठरल्या वेळी. इतकं फर्निचर त्या लहानशा घरात मावतं कसं? मी म्हटलं, एकदा जाऊन बोलतो. हिनं चहाचा कप माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

"उगाच कशाला शेजाऱ्यांशी वाईटपणा. दुपारी प्रेसमध्येच झोपत जा ना."

"प्रेसमध्ये झोपायला मी काय नोकर आहे?"

"नोकर झोपत नाहीत, तुम्ही त्यांना झोपू देत नाही," ही म्हणाली.

शुक्रवार, २८

वरच्यांनी नळ दुरुस्त करून घेतलेला दिसतो, पण अर्धवट. थोडा वेळ गळतो, मग थांबतो, मग परत गळतो. प्लंबरनं पैसे घेतले आणि काम टाकलं, दुसरं काय. फर्निचर मात्र नळ चालू असो की बंद, चालूच.

खरी काळजी वेगळीच आहे. शाळा दोन आठवड्यांवर आली आणि साहेबांचं चालणं पूर्ण बंद पडलेलं दिसतं. दुपारी जेवण झालं की साहेब आणि आजी मागच्या खोलीत दार लावून झोपतात. नऊ वर्षांच्या मुलीला दुपारी झोप? सून घरी येते तीही थेट आत जाते आणि दार लावते. मला वाटलं होतं, ती म्हणाली मी बघते म्हणजे बघेल. मी चूक केली हे मान्य, पण मी निदान चालवत तरी होतो. फाटकाजवळची ती खिडकी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

जेवताना म्हटलं, "काय साहेब, दुपारची झोप बरी लागते का?"

"लागते."

"वरच्यांच्या आवाजानं मोड नाही होत?"

साहेबांनी घास गिळायला बराच वेळ घेतला. "आम्हाला नाही ऐकू येत," म्हणाल्या. "तुमचे कान चांगले आहेत ना."

सून खोकायला लागली. तिला पाणी दिलं.

गुरुवार, ३

गेले तीन दिवस नळ पूर्ण बंद आहे. एक थेंब नाही. आणि आज पडल्या पडल्या मला एक गोष्ट ऐकू आली. नळ नसतानासुद्धा फर्निचर अगदी त्याच तालात हलत होतं. घर्र, थप थप. घर्र, थप थप. मधे थांबलं, परत सुरू झालं, आणि सुरू झालं ते बरोबर त्याच वेगात. माणूस कपाट ढकलतो तेव्हा असं ढकलत नाही.

उठून वर गेलो. कुलूप. दाराच्या फटीत वर्तमानपत्रं साठली होती. समोरच्या दारातली बाई म्हणाली, "ते ना? गावाला गेलेत. महिना होऊन गेला. पाण्याची मुख्य तोटीसुद्धा बंद करून गेलेत."

जिना सावकाश उतरलो. घरात चपला काढून आलो. मागच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. दार लावलेलं होतं.

आतून साहेबांचा आवाज आला. "आजी, वळताना थांबले ना मी?"

"थांबलीस तर थांबलीस. वळलीस ना?"

"आईला सांग, आज टकटक न लावता तीनदा. मी मनात लावलं होतं."

"सांगते. आणि आजोबांना? रोज त्या वरच्यांना शिव्या देतायत बिचाऱ्यांना."

वॉकरचं चाक किंचित घरघरलं. मग: "नको. ते बघायला लागले की मला माझा ठोका ऐकू येत नाही. त्यांचाच येतो."

मी परत सोफ्यावर येऊन पडलो आणि वर्तमानपत्र तोंडावर घेतलं.

चहाच्या वेळी ही म्हणाली, "जिन्यात पाय वाजले मघाशी. वर गेला होतात?"

"गेलो होतो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, फर्निचर हलवणं भाग आहे, इलाज नाही. मी म्हटलं, हलवा. सावकाश हलवा."

हिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि चहात माझ्यासाठी आणखी एक चमचा साखर घातली, जी मला डॉक्टरांनी बंद केली आहे.

मंगळवार, ८

उद्यापासून दुपारी प्रेसमध्येच झोपायचं ठरवलं आहे. तिथे आराम पडत नाही, पण इथे ऐकायचा मोह होतो.

सोमवार, १४

शाळा उघडली. फिजिओबाईंची सक्त ताकीद होती, घरच्यांनी फाटकाच्या आत यायचं नाही. मुख्याध्यापिकांचीही तीच. मावशी फक्त व्हरांड्याच्या टोकाला उभ्या राहणार, काही झालं तरच येणार.

सून, ही, मी, तिघंही फाटकाबाहेर. चिरंजीव प्रेस सोडून आला होता, गाडीत बसून राहिला. साहेब वॉकर धरून आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. वळण्यात वेळ जातो.

मी डोळे मिटून फाटकाला टेकलो. मला खात्री होती, एवढ्यातूनही तिची चाल मी वेगळी काढीन. चाकांची घरघर, दोन पावलं. पण आत शेकडो पोरं. बूट, दप्तरं, बाकं, हाका. एका मशीनच्या आवाजात मला सुई पडलेली कळते, पण त्या गोंगाटात माझी नात मला कुठेच सापडली नाही. मी बराच वेळ प्रयत्न केला.

"येतंय का काही ऐकू?" सुनेनं विचारलं. बऱ्याच दिवसांनी तिनं मला आपणहून काही विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली. पण हसून म्हणाली.

बुधवार, १६

बातमी बरी नाही. तास बदलताना दोन घंटा होतात, एक सुटायची आणि पाच मिनिटांनी पुढच्या तासाची. मोठ्या आवाजाला साहेब दचकतात, अंग एकदम ताठ होतं, त्याला त्यांचा इलाज नाही. व्हरांड्याच्या मधोमध दुसरी घंटा झाली. "मी लाकूड झाले," म्हणाल्या. पोरं दोन्ही बाजूंनी निघून गेली. मावशी धावत निघाल्या तर साहेबांनी हातानं थांबवलं. अंग सैल होईपर्यंत थांबल्या, ठोका शोधला आणि मग निघाल्या. पोचेपर्यंत वर्ग सुरू झालेला.

"मग वर्गातल्या बाई काय म्हणाल्या?" सुनेनं विचारलं.

"काही नाही. गोड हसल्या. सगळा वर्ग थांबला, मी बसेपर्यंत. काल पण तसंच. परवा पण."

"रागावल्या नाहीत, चांगलं आहे की," सून म्हणाली.

"चांगलं नाहीये," साहेब म्हणाल्या. "बडबडीला त्या रागावतात. मला पाहुणी असल्यासारखं करतात."

मलाही ते हसणं बरं वाटलं नाही. गिऱ्हाईक काम दुसरीकडे द्यायचं ठरवतं तेव्हा असंच गोड बोलतं. दोन दिवस राहिले.

शुक्रवार, १८

अकराच्या सुमाराला शाळेतून सुनेला फोन. ताबडतोब या. सुनेनं मला प्रेसमधून उचललं. सबंध रस्ताभर ती काय काय बोलायचं ते ठरवत होती. हक्क, नियम, वर कुणाकडे जायचं, सगळं. मी म्हटलं, मी पण बोलेन. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त उभे राहा. मोठे दिसता."

आज आम्हाला आत सोडलं. व्हरांड्यात वळलो तर समोर एका वर्गाच्या बंद दाराबाहेर साहेब उभ्या. वॉकर शेजारी भिंतीला लावून ठेवलेला, पाठ भिंतीला टेकलेली, चेहरा लाल. शेजारी बडबडी, तीही उभी, आणि तोंड चालू.

सुनेचा चेहरा पाहून मी जरा मागे राहिलो. ती सरळ मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरली. "माझ्या मुलीला वर्गाबाहेर उभं केलंय! जिला उभं राहायला—"

"बसा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पायामुळे उशीर झाला असता तर कुणी एक शब्द काढला नसता. आज दुसरी घंटा व्हायच्या आधीच ती अर्धा व्हरांडा चालून गेली होती. नंतर प्रयोगशाळेच्या खिडकीशी थांबली. आत सांगाडा आहे. दोघी तो सांगाडा बघत होत्या आणि त्याला नाव काय ठेवायचं यावर भांडत होत्या. तास निम्मा संपला. बाईंनी हाक मारली तर तुमची मुलगी म्हणाली, एक मिनिट."

सून बसली.

"एक मिनिट म्हणाली?"

"बाईंना. हो. म्हणून बोलावलं तुम्हाला. वर्गातल्या कुणाही मुलीच्या घरच्यांना बोलावलं असतं."

सुनेनं फक्त उभं राहायला सांगितलं होतं, पण मी विचारलंच. "कोणत्या वर्गातल्या?"

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तिच्या वर्गातल्या. आठवडाभर आम्ही ठरवत होतो, म्हणून बोलत नव्हतो. काल ठरलं. आता बोलणार. सोमवारपासून वेळेवर पाठवा."

सून रस्ताभर जे ठरवून आली होती त्यातलं एकही वाक्य न बोलता म्हणाली, "हो, बाई. सॉरी, बाई."

बाहेर येऊन फिजिओबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सांगाडा बघताना टेकून उभी होती की न टेकता?" हे आमच्यापैकी कुणाला विचारायचं सुचलंच नव्हतं. बडबडीला विचारलं. ती म्हणाली, न टेकता, वॉकरचा एक हात सोडून, कारण दुसऱ्या हातानं ती सांगाड्याच्या बरगड्या दाखवत होती. आणखीही बरंच म्हणाली.

जेवताना साहेब फणफणत होत्या. "सगळ्यांसमोर बाहेर काढलं. सगळ्यांसमोर! आणि आईनं सॉरी म्हटलं! आजोबा, तुम्ही मोठे आहात, तुम्ही जाऊन सांगा त्यांना."

सगळे ताटात बघत होते. चिरंजीवाचे खांदे हलत होते. कुणीतरी कडक व्हायला हवं होतं, म्हणून मी झालो. म्हटलं, तास चालू असताना खिडकीत रेंगाळणं बरं नाही. बाईंना एक मिनिट म्हणणं तर अजिबात बरं नाही. इतर मुलींना जो नियम तोच तुम्हाला. मी कुणालाही काही सांगायला जाणार नाही. पुन्हा अशी तक्रार आली तर माझ्याइतका वाईट कुणी नाही.

साहेबांची मान खाली गेली. "सॉरी, आजोबा."

"हं," मी म्हटलं.

मग हात धुतले आणि बाल्कनीचं दार नीट लागतं का ते बघायला बाहेर गेलो. दार नीट लागत होतं. तरी मी बराच वेळ बघत होतो.